स्विच आणि राउटरची कमांड लाइन पहिल्यांदा हाताळताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून नेटवर्किंगच्या कामाला लागणारी बरीच मुले-मुली मराठी माध्यमातून आलेली असतात. घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि पडद्यावर इंग्रजी अशी त्यांची रोजची ये-जा चालू असते. स्विच (कचेरीतील यंत्रे एकमेकांना जोडणारे उपकरण) किंवा राउटर (वेगवेगळी नेटवर्क जोडणारे उपकरण) यांना जिथे कमांड, म्हणजे आज्ञा, टाइप करून द्यायच्या त्या काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकताना दिसला, की आपले इंग्रजी इथे कमी पडणार अशी धास्ती त्यांच्या मनात बसते. मीही ती धास्ती घेऊनच या कामात आलो आणि पहिले वर्षभर कमांड वहीत उतरवून पाठ करत राहिलो. त्या पाठांतराचा फारसा उपयोग झाला नाही. रोजच्या कामाला मोजके तीस-चाळीस शब्द पुरतात, आणि पुढचा शब्द कोणता हे डिव्हाइस स्वतःच सांगते. त्याला विचारायचे कसे आणि त्याने दिलेले उत्तर वाचायचे कसे, एवढे मात्र शिकावे लागते.

आपल्याकडच्या कचेऱ्यांत सिस्कोची उपकरणे वारंवार हाताखाली येतात, म्हणून पुढील पायऱ्या सिस्कोच्या आयओएस प्रणालीला (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर; आयफोनचे आयओएस वेगळे) धरून लिहिल्या आहेत. इतर कंपन्यांबद्दल शेवटाकडे थोडक्यात सांगितले आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन अक्षरांतच टाइप कराव्या लागतात.

१. निघण्यापूर्वीची तयारी

तालुक्याच्या गावातील एखाद्या शाखेत पोहोचल्यावर कन्सोल केबल (लॅपटॉप थेट डिव्हाइसला जोडण्याची केबल) घरी राहिल्याचे लक्षात आले, तर ती तिथल्या बाजारात मिळत नाही आणि अख्खा दिवस वाया जातो. म्हणून पुढील वस्तू आदल्या रात्रीच पिशवीत भराव्यात.

• पूर्ण चार्ज केलेला लॅपटॉप आणि त्याचा चार्जर.
• कन्सोल केबल. ही बहुधा फिकट निळ्या रंगाची आणि चपटी असते. तिचे एक टोक आरजे-४५ चे, म्हणजे साध्या नेटवर्क केबलला असते तसे, असते. दुसरे टोक थेट यूएसबीचे असावे किंवा सोबत यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर घ्यावा.
• कन्व्हर्टरचा ड्रायव्हर, आधीच इन्स्टॉल करून तपासलेला. इंटरनेट बंद पडले म्हणूनच आपल्याला बोलावलेले असते, त्यामुळे तिथे गेल्यावर ड्रायव्हर डाउनलोड करू असे गृहीत धरू नये.
• पुटी किंवा तेरा टर्म यांपैकी एक टर्मिनल प्रोग्रॅम, म्हणजे डिव्हाइसची कमांड लाइन लॅपटॉपवर दाखवणारा प्रोग्रॅम.

कागदपत्रांत तीन गोष्टी हव्यात. पहिली म्हणजे कोणते काम, कोणत्या वेळेत करायचे याची लेखी परवानगी. ईमेलची छापील प्रतही चालते. दुसरी, आयपी पत्ते (नेटवर्कवरील प्रत्येक यंत्राचा क्रमांक), व्हीलॅन (एकाच स्विचवर केलेले वेगवेगळे आभासी नेटवर्क) यांचे क्रमांक आणि कोणत्या पोर्टला काय जोडले आहे याची यादी. तिसरी, सध्या चालू असलेल्या कॉन्फिगरेशनची, म्हणजे डिव्हाइसमधील सगळ्या सेटिंगची, प्रत. ही प्रत नसेल, तर ती घेणे हेच तिथे गेल्यावरचे पहिले काम समजावे. तोंडी परवानगीवर विसंबून काम केल्यास, नंतर कुठेही काहीही बिघडले की बोट आपल्याकडेच वळते.

२. कन्सोलने जोडून घेणे

केबल जोडल्यावर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट्स या विभागात नवा कॉम क्रमांक दिसतो. पुटीमध्ये सिरियल हा पर्याय निवडून तो क्रमांक आणि वेग ९६०० भरावा. डेटा बिट ८, पॅरिटी नाही आणि स्टॉप बिट १ असे ठेवावे. पुटीमध्ये फ्लो कंट्रोल मुळात एक्सऑन-एक्सऑफ असे असते, ते बदलून नन करावे. त्यानंतर पडदा कोराच राहतो, तेव्हा एकदा एंटर दाबावे लागते; हे माहीत नसल्यामुळे केबल खराब आहे असे समजून ती बदलत बसलेले लोक मी पाहिले आहेत. पडद्यावर अर्थहीन अक्षरे उमटली, तर वेग जुळलेला नाही असे समजावे. मायक्रोटिकसारख्या काही उपकरणांचा वेग ११५२०० असतो.

डिव्हाइस कोरे असेल, तर सुरुवातीलाच प्राथमिक कॉन्फिगरेशनची प्रश्नोत्तरे हवीत का असे ते विचारते. तिथे ‘नो’ असे उत्तर द्यावे.

आपल्या भागात एक अडचण हमखास येते. लॅपटॉपवर मराठी किंवा कन्नड कीबोर्ड बसवलेला असतो आणि चुकून तोच चालू राहतो. कमांड टाइप करताना तो लगेच लक्षात येतो. पासवर्ड टाइप करताना मात्र पडद्यावर काहीच उमटत नाही, साधे ठिपकेही दिसत नाहीत. त्यामुळे बरोबर पासवर्ड देऊनही प्रवेश नाकारला जातो आणि कारण कळत नाही. पासवर्ड दोनदा नाकारला गेला, तर तिसरा प्रयत्न करण्याआधी विंडोजची कळ आणि स्पेस दाबून कीबोर्डची भाषा पाहावी. पासवर्डमध्ये लहान-मोठ्या लिपीचा फरक धरला जातो, कमांडमध्ये तो धरला जात नाही, हेही लक्षात ठेवावे.

३. प्रॉम्प्ट वाचणे

माझ्या मते, नवख्या माणसाने आठवडाभर दुसरे काही न शिकता केवळ प्रॉम्प्ट वाचायची सवय लावून घेतली, तरी त्याच्या निम्म्या चुका टळतील. कर्सरच्या डावीकडे डिव्हाइसचे नाव आणि त्यापुढे एक चिन्ह असते, यालाच प्रॉम्प्ट म्हणतात. ते चिन्ह > असेल, तर तुम्ही फक्त पाहण्याच्या कक्षेत आहात आणि तेही मर्यादित पाहू शकता. ‘इनेबल’ टाइप करून पासवर्ड दिला, की तिथे # येते. आता सर्व काही पाहता येते, आणि डिव्हाइस रीस्टार्टही करता येते. ‘कॉन्फिगर टर्मिनल’ म्हटल्यावर नावापुढे कंसात कॉन्फिग असा शब्द येतो. त्यानंतर एंटर दाबताच प्रत्येक ओळ तत्काळ अमलात येते. ‘तुमची खात्री आहे का?’ असे सिस्को इथे सहसा विचारत नाही.

एखाद्या पोर्टचे नाव देऊन आणखी आत गेलात, की कंसातील शब्द बदलून कॉन्फिग-इफ होतो. नवख्यांचा घोटाळा इथेच होतो, कारण कोणत्या पोर्टच्या आत आहोत हे प्रॉम्प्ट सांगत नाही. पोर्ट ५ साठीची कमांड पोर्ट ३ मध्ये दिली जाते, ती निमूटपणे स्वीकारली जाते आणि पडद्यावर तक्रार उमटत नाही. शंका आली, की बाहेर पडून पोर्टचे नाव पुन्हा द्यावे. ‘एक्झिट’ने एक पायरी मागे येता येते, ‘एंड’ किंवा कंट्रोल-झेडने थेट # वर येता येते.

प्रॉम्प्टमधील नावाचाही उपयोग करून घ्यावा. सगळ्या स्विचचे नाव नुसते ‘स्विच’ असे ठेवले आणि निपाणी व चिकोडी अशा दोन खिडक्या एकाच वेळी उघड्या असल्या, तर एकीची कमांड दुसरीत जायला वेळ लागत नाही. म्हणून ‘होस्टनेम’ या कमांडने प्रत्येकाला गाव आणि जागा सांगणारे नाव द्यावे. नावात मोकळी जागा चालत नाही. आपल्या बेळगाव शहराचे रोमन स्पेलिंग १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे बदलले आहे. जुन्या उपकरणांवर जुने आणि नव्यांवर नवे असे ठेवल्यास शोधताना निम्मी उपकरणे सापडत नाहीत. कोणते तरी एकच स्पेलिंग ठरवून सगळीकडे तेच वापरावे.

प्रॉम्प्ट वाचण्याची सवय फोनवरही कामी येते. शाखेतल्या शिपाईकाकांना कमांडचा अर्थ ठाऊक नसतो, पण “काका, ओळीच्या शेवटी बाणासारखे चिन्ह आहे की जाळीसारखे?” असे विचारले, तर ते अचूक सांगतात आणि तेवढ्यावरून पुढची ओळ सांगता येते.

४. डिव्हाइसला विचारणे

प्रश्नचिन्ह ही कमांड लाइनवरील सर्वांत मोलाची कळ आहे. नुसते ? दाबले, की त्या क्षणी चालणाऱ्या सर्व कमांड अर्थासह दिसतात. शब्दाला चिकटवून ? दिले, तर त्या अक्षरांनी सुरू होणारे शब्द दिसतात; शब्दानंतर जागा सोडून दिले, तर पुढे काय येऊ शकते ते दिसते. या एका मोकळ्या जागेचा फरक हाताला बसला, की पाठांतर सुटते. यादीत <cr> हे एंटरच्या अर्थाचे चिन्ह दिसले, तर कमांड तिथे पूर्ण होऊ शकते असा त्याचा अर्थ असतो.

टॅब दाबल्यावर अर्धा शब्द पूर्ण होतो. शब्द पूर्ण न करताही चालते. इतर कोणत्याही शब्दाशी गल्लत होणार नाही इतकी अक्षरे पुरेशी असतात. अनुभवी लोक अगदी दोन-तीन अक्षरांत काम उरकतात. तुम्ही मात्र पहिले काही महिने टॅब दाबून पूर्ण शब्द पाहावा, कारण शब्द डोळ्यांखालून जात राहिला तरच तो ओळखीचा होतो.

चूक दाखवणारे संदेश मुख्यतः तीन प्रकारचे असतात. ‘अ‍ॅम्बिग्युअस’ म्हणजे अक्षरे कमी पडली, ‘इन्कम्प्लीट’ म्हणजे कमांड अर्धवट राहिली आणि ‘इनव्हॅलिड इनपुट’ म्हणजे शब्दच चुकला. तिसऱ्या प्रकारात चुकलेल्या जागेखाली एक लहान टोपीसारखे चिन्ह येते. ते नेमके कुठे आहे हे पाहावे. पुष्कळदा शब्द बरोबर असतो, पण आपण चुकीच्या प्रॉम्प्टवर असतो.

# या प्रॉम्प्टवर चुकीचा शब्द टाइप झाला, तर डिव्हाइस त्याला दुसऱ्या एखाद्या यंत्राचे नाव समजून डीएनएसमध्ये (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेत) शोधत बसू शकते आणि पडदा अडकल्यासारखा वाटतो. कंट्रोल, शिफ्ट आणि ६ एकत्र दाबल्यावर हा शोध थांबतो. ‘नो आयपी डोमेन-लुकअप’ देऊन तो कायमचा बंद करता येतो. टाइप करत असताना मध्येच संदेश उमटून ओळ तुटत असेल, तर कन्सोल लाइनच्या आत ‘लॉगिंग सिंक्रोनस’ द्यावे. वरच्या बाणाने मागील कमांड परत येते, कंट्रोल-ए ने ओळीच्या सुरुवातीला आणि कंट्रोल-ई ने शेवटी जाता येते. एवढ्या कळा सुरुवातीला पुरेत.

५. बदलण्यापूर्वी पाहणे

आधी ‘टर्मिनल लेंग्थ ०’ द्यावे, म्हणजे मजकूर पानापानाला थांबणार नाही. पुटीमध्ये सत्राची नोंद फाइलमध्ये ठेवण्याची सोय आहे, ती चालू करावी आणि ‘शो रनिंग-कॉन्फिग’ द्यावे. सध्याच्या कॉन्फिगरेशनची प्रत आपोआप हाती येते.

त्यानंतर ‘शो व्हर्जन’. यात मॉडेल आणि आवृत्ती तर असतेच, शिवाय डिव्हाइस किती वेळ अखंड चालू आहे आणि मागच्या वेळी ते कशामुळे बंद झाले होते हेही असते. ‘नेट आपोआप जाते’ अशी तक्रार घेऊन बोलावलेल्या ठिकाणी हा कालावधी अवघा तीन तासांचा दिसला, तर बिघाड नेटवर्कमध्ये शोधण्याआधी विजेची जोडणी आणि यूपीएस पाहावा. खानापूरकडच्या पावसात वीज किती वेळा जाते ते तिथे काम केलेल्यांना सांगायला नको.

‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ आणि ‘शो इंटरफेसेस स्टेटस’ या दोन कमांडनी पोर्टची स्थिती कळते. पोर्टपुढे अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन असे असेल, तर तो कोणीतरी कमांड देऊन बंद केला आहे. नुसते डाउन असेल, तर केबल किंवा पलीकडचे यंत्र पाहावे. एरर-डिसेबल्ड दिसल्यास डिव्हाइसने स्वतःहून तो पोर्ट बंद केलेला असतो. अशा वेळी कारण न शोधता तो पुन्हा चालू करू नये, कारण केबलचे वेटोळे, म्हणजे चुकीच्या जोडणीमुळे फिरून त्याच नेटवर्कमध्ये परत येणारी वाट, तसेच राहिले तर पोर्ट पुन्हा बंद पडेल किंवा सगळे नेटवर्क ओढले जाईल.

लांबलचक मजकुरातून हवे तेवढेच पाहण्यासाठी कमांडनंतर उभी रेघ देऊन ‘इन्क्लूड’, ‘एक्सक्लूड’, ‘बिगिन’ किंवा ‘सेक्शन’ आणि त्यापुढे शोधायचा शब्द लिहावा. ‘शो लॉगिंग’ पाहण्याआधी ‘शो क्लॉक’ पाहावे. वेळ बाहेरून जुळवून घेण्याची सोय केलेली नसेल, तर वीज गेल्यावर काही उपकरणांचे घड्याळ १९९३ सालापर्यंत मागे जाते आणि मग नोंदींतील वेळेला काही अर्थ उरत नाही.

६. बदल करणे

बदल आधी नोटपॅडमध्ये लिहावेत. वर्डमध्ये किंवा मोबाइलच्या संदेशात लिहिल्यास संयोगचिन्हाची लांब रेघ होते, अवतरणचिन्हे वळतात आणि डिव्हाइस ती ओळ नाकारते. मजकूर चिकटवताना पाच-दहा ओळीच चिकटवाव्यात. कन्सोलचा वेग कमी असल्यामुळे मोठा मजकूर एकदम टाकल्यास मधली अक्षरे गळतात. पुटीच्या खिडकीत माउसची उजवी कळ दाबली, की क्लिपबोर्डवर असेल तो मजकूर थेट टाइप होतो, त्यामुळे उजव्या कळेवरचे बोट उचलूनच ठेवावे.

दिलेली कमांड मागे घेण्यासाठी तीच कमांड ‘नो’ लावून द्यावी. कॉन्फिगरेशनच्या आत असताना काही पाहायचे झाल्यास ‘शो’च्या आधी ‘डू’ लावावे. पोर्टला ‘डिस्क्रिप्शन’ लिहिण्याचा कंटाळा करू नये. दोन वर्षांनी तिथे येणारा माणूस बहुधा तुम्हीच असाल.

आता सर्वांत महागडी चूक. दोन स्विचना जोडणाऱ्या आणि अनेक व्हीलॅनची वाहतूक एकत्र नेणाऱ्या ट्रंक पोर्टवर एक नवा व्हीलॅन सोडायचा होता. मी बेळगावात बसून दूरच्या स्विचवर ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन’ आणि पुढे ३० असे दिले. ‘व्हीलॅन’ आणि ३० यांच्या मध्ये ‘अ‍ॅड’ हा शब्द असायला हवा होता. तो नसल्यामुळे ३० ची जुन्या यादीत भर पडली नाही. जुनी यादी पुसली गेली आणि फक्त ३० उरला. ज्या व्हीलॅनमधून मी स्विचपर्यंत पोहोचलो होतो, तोही त्यात गेला. माझी खिडकी गोठली, शाखेचे सर्व काउंटर थांबले आणि मी भर पावसात सुमारे २५ किलोमीटर मोटरसायकलवर जाऊन कन्सोल केबल जोडली. त्या दिवशी रांगेत पेन्शनसाठी उभी असलेली वयस्क माणसे मला आजही आठवतात. या कमांडमध्ये ‘अ‍ॅड’ आहे का, हे एंटर दाबण्यापूर्वी मोठ्याने वाचावे, आणि नंतर ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ने यादी तपासावी.

याच जातीच्या आणखी तीन चुका आहेत. ज्या पोर्टवरून तुम्ही आलात त्यालाच ‘शटडाउन’ देणे, दूर बसून स्विचचा स्वतःचा आयपी पत्ता बदलणे आणि स्वतःला परवानगी न देणारी अ‍ॅक्सेस लिस्ट (कोणाला आत सोडायचे याची यादी) लावणे. तिन्हींमध्ये तुम्ही स्वतःच दाराबाहेर अडकता.

७. परतीची वाट आधी तयार करणे

दूरच्या डिव्हाइसवर धोक्याचा बदल करण्यापूर्वी चालू असलेले चांगले कॉन्फिगरेशन साठवावे आणि मग ‘रीलोड इन १०’ द्यावे. दहा मिनिटांनी डिव्हाइस आपोआप रीस्टार्ट होईल आणि साठवलेल्या स्थितीत परत येईल. बदल केल्यावर संपर्क टिकून राहिला, तर ‘रीलोड कॅन्सल’ द्यावे; संपर्क तुटला, तर शांतपणे वाट पाहावी. क्रम मात्र चुकवू नये. बदल करून झाल्यावर, खात्री पटण्याआधीच तो साठवला, तर रीस्टार्टनंतरही तीच चूक परत येईल. रीस्टार्ट म्हणजे काही मिनिटे सगळेच बंद, म्हणून हे काम कचेरी सुटल्यावर करावे. ‘कॅन्सल’ द्यायला विसरू नये; त्यासाठी मोबाइलवर आठ मिनिटांचा गजर लावावा.

डिव्हाइसमध्ये दूरवरून शिरण्याच्या टेलनेट आणि एसएसएच या दोन पद्धतींपैकी टेलनेट टाळून एसएसएच वापरावे, कारण टेलनेटमध्ये पासवर्डसुद्धा उघड अक्षरांत जातो. ‘डीबग’ (डिव्हाइसच्या आतील घडामोडी सतत दाखवणारी कमांड) चालू केले असेल, तर उठण्यापूर्वी ‘अनडीबग ऑल’ द्यावे. विसरलेले डीबग डिव्हाइसच्या प्रोसेसरवर सतत भार टाकत राहते.

८. साठवणे

तुम्ही केलेला बदल रनिंग-कॉन्फिगमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत असतो. वीज गेली की तो गेला. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ दिल्यावरच तो कायम होतो. यात आधी कुठून आणि नंतर कुठे असा क्रम असतो. तो उलटा दिल्यास जुने कॉन्फिगरेशन चालू कॉन्फिगरेशनमध्ये मिसळले जाते. ते त्याची जागा घेत नाही, आणि या सरमिसळीतून उद्भवणारे दोष शोधणे फार त्रासाचे असते. ‘राइट मेमरी’ ही जुनी कमांडही साठवण्याचेच काम करते. मात्र ‘राइट इरेज’ साठवलेले सगळे पुसते, त्यामुळे ‘राइट’पुढचा शब्द पाहूनच एंटर दाबावे.

९. दुसऱ्या कंपनीचे डिव्हाइस समोर आल्यास

ह्युआवेमध्ये ‘शो’च्या जागी ‘डिस्प्ले’ आणि ‘कॉन्फिगर टर्मिनल’च्या जागी ‘सिस्टिम-व्ह्यू’ येते. जुनिपरमध्ये बदल लगेच लागू होत नाहीत, ते ‘कमिट’ केल्यावर लागू होतात. ‘कमिट कन्फर्म्ड’ दिल्यास दहा मिनिटांत दुजोरा न मिळाल्यास बदल आपोआप मागे घेतले जातात, आणि मला ही पद्धत सिस्कोपेक्षा कितीतरी सुरक्षित वाटते. केबल आणि वायरलेस इंटरनेट पुरवणाऱ्यांकडे दिसणाऱ्या मायक्रोटिकमध्ये कंट्रोल-एक्स दाबून सेफ मोड सुरू करता येतो. संपर्क मध्येच तुटला, तर त्या मोडमधील बदल रद्द होतात. टॅब या सर्वांवर आणि प्रश्नचिन्ह त्यांतील बहुतेकांवर उपयोगी पडते.

१०. सराव

सिस्कोचा पॅकेट ट्रेसर हा प्रोग्रॅम त्यांच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवल्यास विनामूल्य मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. त्यात दोन स्विच ट्रंकने जोडावेत, दोन व्हीलॅन करावेत आणि एका संगणकावरून दूरच्या स्विचमध्ये शिरावे. मग ‘अ‍ॅड’ हा शब्द मुद्दाम गाळून ती कमांड द्यावी आणि संपर्क कसा तुटतो ते पाहावे. त्यानंतर कन्सोलवरून जाऊन, वही न उघडता, फक्त प्रश्नचिन्हाच्या आधाराने तो परत जोडावा. हे तीनदा जमले, की कन्सोल केबल पिशवीत टाकून पहिल्या कामाला निघायला हरकत नाही.